विसणाचं पाणी

पौष-माघात कपाशीची शेवटची वेचणी उरकली, की जळगावजवळच्या आमच्या असोद्याच्या शिवारातून पऱ्हाट्यांनी लादलेल्या बैलगाड्या गावात शिरायच्या, आणि गल्लीच्या दोन्ही भिंतींना घासत, खरडत, वाळक्या पानांचा चुरा आणि बोंडांत राहून गेलेला कापूस मागे सांडत त्या ज्या घरासमोर थांबायच्या, त्या घराची वर्षभराची आंघोळ त्या दिवशी दारात येऊन पडली असं समजायचं. पऱ्हाट्यांचा ढीग अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीएवढा उंच रचला जाई. त्याला एक कोरडा, किंचित तुरट वास असे. पहिल्या पावसात वरची थप्पी भिजली की तो वास दमट आणि जड होई, आणि मग भाद्रपदाच्या उन्हात पुन्हा हलका व्हायचा. शेजारी तुराट्यांच्या पेंढ्या, ज्वारीची धसकटं, गोठ्यामागच्या भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या, आणि अगदी आतल्या बाजूला, जपून ठेवलेले बाभळीचे चार ओंडके. स्वयंपाकाची चूल वेगळी आणि पाणी तापवायची वेगळी, तसं दोघींचं सरपणही वेगळं, आणि कुठल्या काडीचा जाळ किती आणि किती वेळ हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे, कारण सरपण आणून द्यायचं काम त्याचंच.

तुराटी पटकन पेट घेई, भसकन उजेड करी आणि बघता बघता संपे. पऱ्हाटी तिच्याहून दमदार, तडतडत जळणारी. गोवरी आच धरून ठेवायची. बाभूळ निघायची ती पाहुणे असले तर, घरात बाळंतीण असली तर, किंवा दिवाळीला. पाणी किती तापवायचं हे आम्ही असं सरपणातून ठरवत होतो. अंशाचा आकडा कुणाच्या तोंडी नव्हता, पण रोजच्या आंघोळीला किती काड्या आणि न्हायच्या दिवशी किती, हा हिशेब कधी चुकला नाही. दुपारच्या उन्हात वाकून उपटलेल्या, डोक्यावरून वाहिलेल्या पऱ्हाट्या होत्या त्या, उगाच कोण जाळणार?

न्हाणी म्हणजे मागच्या अंगणात तीन बाजूंनी कुडाचा आडोसा आणि मधे एक घडीव दगड. त्या दगडाचा मधला भाग किती पिढ्यांच्या टाचांनी गुळगुळीत झाला होता कोण जाणे. बाजूच्या मांडवाखाली तांब्याचा बंब. तीन पायांवर उभा, दोन बाजूंना कड्या, मधोमध आरपार नळकांडं, त्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, आणि पोटाला पितळेची तोटी. काड्या त्या मधल्या नळकांड्यात वरून सोडायच्या. जाळ आत, पाणी त्याच्या भोवती. उघड्या चुलीवर हंडा ठेवला की निम्मी आच हंड्याच्या बाजूंनी निसटून अंगणाला तापवते, बंबात मात्र जाळ पाण्याच्या पोटातच पेटलेला असल्याने मूठभर काड्यांत काम होतं. ही युक्ती ज्या कुणा कारागिराला प्रथम सुचली, त्याच्याविषयी मला आजही आदर वाटतो. आठवड्यातून एकदा चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन बंब घासायचा, की सकाळच्या तिरप्या उन्हात तो असा लालबुंद झळके की आम्ही पोरं त्यात आपली पसरट तोंडं बघत बसायचो.

बंबाचा एकच कडक नियम होता. पाणी भरल्याशिवाय काडी पेटवायची नाही, आणि पाणी तोटीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. कोरड्या बंबात जाळ झाला की सांध्यांचा डाख वितळतो आणि बंब गळका होतो. पुढे घरात विजेची उपकरणं आली, तीही याच नियमाने बांधलेली निघाली: पाण्यात बुडवायची कांडी पाण्याबाहेर चालू राहिली की जळते, आणि नवा गिझर टाकी पूर्ण भरून नळाला सलग धार आल्याशिवाय चालू करायचा नसतो.

बंब आमच्या मोठ्या मायचा, म्हणजे आजीचा. तो पेटवायला दुसऱ्याला परवानगी होती, पण पाणी ‘झालं’ की नाही हे फक्त ती सांगायची. आणि ती ते ऐकून सांगायची. काड्या घातल्यावर थोडा वेळ बंब गप्प असे. मग आतून अगदी बारीक गुणगुण सुरू होई, हळूहळू ती वाढून सुसाट व्हायची आणि पाणी खरोखर उकळायला लागलं की अचानक आवाज खाली बसून खळखळ उरे. पुढे शाळेत विज्ञानाच्या सरांनी समजावलं, की तापलेल्या तळाशी वाफेचे बुडबुडे धरतात आणि वरच्या गार पाण्यात शिरताच फुटतात, त्यांचा तो आवाज. सगळं पाणी सारखं तापलं की बुडबुडे न फुटता वर येतात आणि आवाज मवाळ होतो. मोठी माय शाळेत गेली नव्हती. ती गुणगुण नुकती सुरू झाली की हातातली पऱ्हाटी परत ढिगावर टाकायची आणि म्हणायची, “बस झालं. आता उगा काडी नको खर्चू.” मग तळहात बंबाच्या वरच्या अंगाला टेकवायची. हात तिथं किती वेळ ठरतो, त्यावर त्या दिवशीच्या आंघोळीचा क्रम लागायचा.

क्रम म्हणजे असा, की घरात तान्हं मूल असलं तर त्याचं पाणी आधी काढून, निववून बाजूला. त्याची परीक्षा हाताने होत नसे, कोपराने व्हायची, कारण चुलीशी आणि भांड्यांशी राबलेल्या तळहाताला उन्हाची नीट खबर लागत नाही, कोपराची कातडी मात्र मऊ राहिलेली असते. त्यानंतर मोठे बाबा, म्हणजे आजोबा, त्यांच्या गुडघ्यांसाठी चांगलं कढत. मग शेतावर जायचे ते, मग शाळेत जायचे ते, आणि शेवटी घरातल्या बायका, ज्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा राखेच्या उबेवर राहिलेलं कोमट पाणीच यायचं. हे मला तेव्हा दिसत होतं, खुपत नव्हतं. आता त्या मांडवाखालच्या सकाळी आठवताना सगळ्यांत आधी तेच आठवतं. बंबाचा लळा कितीही असला, तरी तो गेला आणि बटण दाबून कुणालाही, कोणत्याही वेळी गरम पाणी मिळू लागलं, याचा आनंद मला आमच्या घरातल्या बायकांच्या वतीने मनापासून होतो.

बादलीत पाणी घ्यायची रीतही ठरलेली. मडक्यातलं किंवा हौदातलं गार पाणी आधी बादलीत, त्यावर बंबाचं. “आंधी गार टाक, मंग ऊन,” हे वाक्य इतक्या वेळा कानावरून गेलं आहे, की आजही हॉटेलातल्या चकचकीत न्हाणीघरात माझा हात आपसूक निळ्या खुणेच्या नळाकडे आधी जातो. कढत पाण्याची बादली खाली असताना पोर त्यात पडलं, पाय घसरून कुणाचा हात त्यात गेला, अशा गोष्टी गावात घडलेल्या होत्या, आणि त्या नावानिशी सांगितल्या जात. विसण घालायला म्हणून कळशी आणायला गेलेली बाई परत येईपर्यंतचं ते अर्धं मिनिट सगळ्यांत घातकी, असं मोठी माय म्हणायची. बादलीत आधीच गार पाणी असलं, की ते अर्धं मिनिट उरतच नाही.

आणि मग दिवाळी. नरकचतुर्दशीला पहाटे, अजून कोंबडंही आरवलेलं नसे, तेव्हा मांडवाखालून तडतड ऐकू यायची आणि गोधडीच्या फटीतून धुराचा वास आत शिरायचा, पऱ्हाट्यांचा उग्र आणि त्यामागे बाभळीचा जरा गोडसर. अंगणात पणत्या. तापवलेल्या तेलाची वाटी, तिच्यात आईची बोटं. पाठीवर तेल चोळताना तिच्या बांगड्यांचा आवाज आणि तिच्या हाताच्या भेगांचा खरखरीत स्पर्श. मग उटणं, ज्यात नागरमोथा, गव्हला, कचोरा असं काय काय असायचं आणि जे अंगावर वाळायला लागलं की कातडी ओढल्यासारखी व्हायची. रिठे-शिकेकाईचं पाणी वेगळ्या गंजात, डोळ्यांत जाईल या भीतीने आधीच डोळे मिटून घेतलेले. आणि त्यानंतर डोक्यावरून आलेला पहिला तांब्या. त्या एका तांब्याची ऊब मला अजून शब्दांत नीट पकडता आलेली नाही. दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे थंडी कोवळीच असते, खरी हाडात शिरणारी ती पुढे पौषात, पण पहाटेचा वारा तेलकट अंगाला लागला की शहारा यायचा आणि त्या शहाऱ्यावर ते पाणी पडायचं. नेमकं तेवढंच ऊन. त्याहून थोडं जास्त असतं तर अंग आकसलं असतं, थोडं कमी असतं तर दात वाजले असते.

त्या सुमारास, आणि पुढे थंडीभर, पऱ्हाट्यांना आणखी एक मानाचं काम असे. असोद्याचं भरीत. हिरव्या सालीवर पांढुरके पट्टे असलेली, हातात जड लागणारी ती वांगी शेतातच काड्यांच्या जाळावर लोळवायची, साल काळी होऊन फाटली आणि आतला गर रटरटला की बाहेर काढायची. सोलून, ठेचून, वरून हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. पंगत उठली की उरलेल्या निखाऱ्यांवर कुणीतरी हंडा चढवायचंच. हात-तोंड धुवायला तेवढंच ऊन पाणी, आणि निखाराही वाया गेला नाही. कपडे घरी येईपर्यंत धुराने माखलेले असत आणि तो वास दोन धुण्यांनी जात नसे.

कवयित्री बहिणाबाई चौधरींचं असोदा हे माहेर, १८८० साली त्या याच गावात जन्मल्या, आणि मोठ्या मायसारखंच त्यांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. बाहेरून येणारी माणसं त्याचं नवल करतात. गावात वाढलेल्या आम्हाला ते तितकं वाटत नाही, कारण अक्षर न ओळखता आच ओळखणाऱ्या, पीठ ओळखणाऱ्या, ढगाचा रंग ओळखणाऱ्या बायका आम्ही प्रत्येक ओसरीवर बघितलेल्या होत्या.

बंब गेला तो एका दिवसात गेला नाही. आधी विजेची कांडी आली. तिने सकाळचा धूर घालवला आणि घरात नवीच भीती आणली, कारण लोखंडी बादलीत कांडी चालू आहे आणि कुणीतरी पाणी तापलं का बघायला त्यात बोट बुडवलं, अशा शॉकच्या गोष्टी मग गावोगाव ऐकू येऊ लागल्या. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पाण्याला हात, हे शिकायला एक पिढी जावी लागली. त्यानंतर न्हाणीच्या जागी पक्की बाथरूम झाली आणि भावाच्या हट्टाने भिंतीवर पंधरा लिटरचा गिझर चढला. त्याच्या खालच्या बाजूला एक छोटी गोल कळ होती, तिच्यावर आकडा नाही, फक्त बारीक होत गेलेली एक रेघ. जोडणाऱ्या माणसाने ती शेवटपर्यंत फिरवली आणि “आता पाणी कमी तापतं अशी तक्रार नको,” म्हणून निघून गेला. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत ती कळ अशीच पहिल्या दिवशी फिरवली गेली असणार आणि नंतर तिच्याकडे कुणी पाहिलंही नसणार. याचं मला वाईट वाटतं. ज्या गोष्टीसाठी मोठी माय रोज कान लावून बसायची, ती गोष्ट आम्ही एका परक्या हाताने एकदाच ठरवून टाकली.

त्या कळीचा हिशेब मात्र अवघड नाही, आणि तो मला पऱ्हाट्यांच्या हिशेबाइतकाच आवडतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. हिवाळ्यात टाकीतलं पाणी २० अंशांवर असेल आणि पंधरा लिटर ६० अंशांपर्यंत न्यायचं असेल, तर ६०० किलोकॅलरी, म्हणजे पाऊण युनिटाला थोडी कमी वीज. दोन हजार वॅटचा गिझर हे काम साधारण वीस-एकवीस मिनिटांत करतो. कळ ७५ वर असली तर जवळजवळ पूर्ण युनिट आणि अर्धा तास. आता अंगावर घ्यायचं पाणी लागतं चाळीसच्या आसपास. ६० अंशांच्या पंधरा लिटरात तितकंच २० अंशांचं विसण घातलं की ४० अंशांचं तीस लिटर पाणी होतं, दीड बादली. एका माणसाला भरपूर. घरात ओळीने चार-पाच जण न्हायचे असतील तर जरा वर ठेवलेली कळ उपयोगी पडते, कारण तेवढ्याच टाकीतून जास्त बादल्या निघतात. एकट्यादुकट्याच्या घरात मात्र ती वरची आच नुसती टाकीत बसून भिंतीला ऊब देते. बादलीभर कोमट पाण्याला लागणारी वीज कळ कुठेही असली तरी तेवढीच, अर्ध्या युनिटाच्या आत. उधळपट्टी होते ती न वापरलेल्या गरम पाण्यात. टाकीतलं पाणी जितकं जास्त कढत, तितकं ते झपाट्याने निवतं, आणि थर्मोस्टॅट बिचारा दर थोड्या वेळाने पुन्हा वीज ओढून ते वर आणत राहतो. गिझरवर ताऱ्यांची चिठ्ठी असते, ती नेमकी याच गोष्टीची, पाणी नुसतं गरम ठेवण्यात चोवीस तासांत किती वीज जाते त्याची. आंघोळीआधी वीस मिनिटं चालू करून, आत जाण्यापूर्वी बंद करणारं घर पैसेही वाचवतं आणि ओल्या अंगाने विजेशेजारी उभं राहायचंही टाळतं.

आणि ती वीज येते कुठून? असोद्याहून भुसावळ काही लांब नाही, आणि भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या आहेत. तिथं कोळसा जाळून पाणीच उकळतात, त्याच्या वाफेवर चक्रं फिरवून वीज करतात, आणि या खटाटोपात कोळशातली जवळपास दोन तृतीयांश उष्णता मागेच राहते. उरलेली तारांवरून येते आणि आमच्या गिझरात पुन्हा पाणी तापवते. म्हणजे एका तांब्यासाठी पाणी दोनदा तापतं. बंबाच्या पोटात टाकलेली काडी डोळ्यांसमोर जळत होती, म्हणून हात आखडता राहिला. दीपनगरचा कोळसा दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

पैशाहून मला काळजी पोरांच्या हातापायांची जास्त. १९४७ साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी किती ऊन पाण्याने कातडी किती वेळात खोलवर भाजते याचा कसून अभ्यास केला, आणि त्यांचे आकडे आजही जगभर आधाराला घेतले जातात. ४४ अंशांना सहा तास लागतात. ४९ अंशांना साडेनऊ मिनिटं. आणि ६० अंशांना पाच सेकंद. हे मोठ्या माणसाच्या कातडीचं. लहान मुलाची पातळ, म्हाताऱ्यांची विरत चाललेली, तिथं वेळ आणखी कमी, आणि म्हाताऱ्या माणसाला भाजतंय हे जाणवून पाय मागे घ्यायलाच तेवढा वेळ लागतो. ७५ वर कळ ठेवलेल्या गिझरच्या नळाखाली पोराने उत्सुकतेने हात धरला तर ओरडायलाही उसंत मिळत नाही. “आंधी गार, मंग ऊन” यामागचं सगळं शास्त्र त्या तीन आकड्यांत आहे.

मग कळ सरळ ४५ वर का आणू नये? बरेच जण तसं करतात, आणि टाकीच्या गिझरला ते बरं नव्हे. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर माणसं न्यूमोनियाने पटापट दगावली आणि पुढच्या वर्षी त्यामागचा जिवाणू सापडला, लिजिओनेला. तो पाण्यात राहतो, साधारण २५ ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि त्याचे तुषार श्वासावाटे आत गेले की फुप्फुसाला धरतो. साठ अंशांत तो काही मिनिटांत मरतो. म्हणून टाकीत पाणी साठवायचं ते साठच्या आसपास आणि अंगावर घ्यायचं ते विसण घालून, असाच सल्ला आज जाणकार देतात. आठवडाभर घर बंद ठेवून परतलो की गिझर पूर्ण तापू द्यावा, तोंड बाजूला करून थोडं पाणी वाहू द्यावं, मग शॉवर घ्यावा. जिवाणू मारायला म्हणून साठच्या वर नेण्यात मात्र काही मिळत नाही, उलट आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात नुकसानच आहे. जास्त आचेला क्षार भराभर सुटतो आणि कॉइलवर पांढरं पूट चढतं, ते चढलं की तीच वीज तेवढंच पाणी तापवायला जास्त वेळ घेते. बंबाच्या आतही असंच पूट धरायचं. पावसाळ्याआधी तो उलटा करून खरवडताना पापुद्रे पडायचे, आणि ते करकर खरवडणं ऐकून मांजर पळून जायचं. गिझरही अधूनमधून उघडून साफ करावा लागतो आणि त्यातली मॅग्नेशियमची कांडी, जी स्वतः झिजून टाकीला गंजू देत नाही, ती बदलावी लागते. हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं. प्रेशर व्हॉल्व्हमधून थेंब ठिबकतो म्हणून त्याला बूच मारणारे तर मी पाहिले आहेत, आणि पाहून हादरलो आहे. वाढलेला दाब बाहेर पडायची ती एकमेव वाट असते.

गॅस गिझरविषयी एवढंच कळकळीने सांगावंसं वाटतं, की बंब मांडवाखाली, उघड्यावर होता. त्याचा धूर डोळ्यांत जायचा, खोकला आणायचा, आपण बाजूला सरायचो. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला दार उघडायचं भानही ठेवत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. तो गिझर बाथरूमच्या बाहेर, वाहत्या हवेतच हवा.

चैत्र-वैशाखात आमच्याकडे हा सगळा प्रश्नच उलटा होतो. जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही, आणि आंघोळीसाठी लोक पहाटेचं पाणी बादलीत भरून ठेवतात, निवायला. गच्च्यांवर आता सोलरच्या काचेच्या नळ्या दिसतात. हिवाळ्यात खानदेशचं आभाळ निरभ्र, ऊन चोख, त्यामुळे त्या नळ्या इथं मनापासून काम करतात आणि पऱ्हाटी, कोळसा, गॅस कशाचंच देणं राहत नाही. फक्त उन्हाळ्यात, जेव्हा गरम पाण्याची कुणाला गरज नसते, तेव्हा तेच पाणी सत्तर-ऐंशी अंशांवर जाऊन बसतं, आणि सोलरला थांबवणारी कळ नसते. निम्म्या नळ्यांवर गोणपाट टाकणं आणि घरातल्या पोरांना तो नळ दाखवून ठेवणं हे दोन्ही होळीच्या सुमारास व्हायला हवं.

माझी पुतणी इंग्लंडात असते. तिच्या घरात बॉयलर आहे, गॅसवर चालणारा, आणि त्याला दोन कळा: एक खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरांच्या पाण्याची, दुसरी नळाच्या पाण्याची. २०२२च्या हिवाळ्यात तिकडे गॅस भयंकर महागला, तेव्हा तिने मला फोन करून विचारलं होतं, “काका, इथं सगळे रेडिएटरचं पाणी साठवर आणा म्हणतात. घर गार पडेल का हो?” आम्ही दोघांनी मिळून ते समजून घेतलं. तिचा बॉयलर धुरातली वाफ पुन्हा पाण्यात उतरवून तिची उष्णता परत मिळवणारा आहे, पण त्यासाठी खोल्यांतून फिरून येणारं पाणी पंचावन्न अंशांच्या खाली असावं लागतं. जाताना पाणी ऐंशीवर असलं तर परतताना ते तेवढं निवत नाही, आणि वाफ तशीच धुराड्यातून निघून जाते. तिच्याकडे पाणी साठवायची टाकी नाही, हवं तेव्हा लगेच तापतं, म्हणून नळाची कळ तिने पन्नासवर आणली. शेजारच्या घरात टाकी आहे, त्यांनी ती साठवरच ठेवली. घर तापायला थोडा जास्त वेळ लागू लागला, गार मात्र पडलं नाही, आणि बिल खाली आलं. परदेशात, बर्फाच्या गावी, आमच्या घरातलं पोर पुन्हा आच किती लावायची याचा विचार करू लागलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

आमचा बंब ओसरीच्या कोपऱ्यात आहे. त्याची तोटी गेल्या पावसाळ्यात जाम झाली होती, ती जळगावहून बदलून आणली. सूनबाईला तो बैठकीत ठेवून त्यात कोरडी फुलं लावायची आहेत, आणि माझी काही हरकत नाही. नरकचतुर्दशीची पहाट वगळून वर्षभर लावावीत. त्या पहाटे नातवंडं जमतात, घर भरतं, पंधरा लिटरच्या गिझराला एवढ्या अंगांचं पाणी पुरत नाही, आणि पऱ्हाट्या आता विकत मिळत नसल्या तरी शेजारच्या शेतातून मागून आणता येतात. तोटी कुणी उघडायची यावरून पोरांत भांडण होतं. तोटी मोठ्यांनीच उघडायची, आणि त्याआधी बादलीत गार पाणी आहे की नाही ते पोरांनी बघून सांगायचं, असं आम्ही ठरवलं आहे. धाकटी नात मागच्या खेपेला ताप मोजायचा थर्मामीटर घेऊन आली होती. त्याचा आकडा बेचाळीसच्या पुढे जात नाही, म्हणून यंदा स्वयंपाकघरातला पाकाचा थर्मामीटर मागवला आहे. बंबाची गुणगुण सुरू होते तेव्हा आत नेमके किती अंश असतात, हे तिला मोजायचं आहे.